चंद्राच्या चेहऱ्यावरचे वण

संपादकांचं पत्र आलं की, तुमच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मोठ्या माणसांविषयी लिहा. वाचून हसू आलं. आमच्या भागातली मोठी माणसं फोटो काढवून घ्यायला हैदराबादेला जायची आणि माझ्या दुकानात यायची ती फक्त त्या फोटोला चौकट बसवायला. तेव्हाच्या निजामी मुलखातल्या चिटगुप्प्यात मी उभं आयुष्य फोटो काढले ते कापडवाल्यांचे, लग्नाच्या मुलींचे, बदली झालेल्या मास्तरांचे आणि कुणी नवी सायकल घेतली तर त्या सायकलीचे. नाव घेण्यासारखं गिऱ्हाईक एकच झालं, ते म्हणजे चंद्र. त्याचाही फोटो मी बिघडवला आणि त्यापायी कोर्टात उभा राहिलो. तेवढंच लिहितो.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या वेळी फिल्म आमच्यापर्यंत आली नव्हती. फोटो काचेवर निघायचा. काचेला एका बाजूला मसाल्याचा पातळ थर असायचा. त्यावर उजेड पडला की तो काळा व्हायचा. म्हणजे काचेवर सगळं उलटं. गोरा माणूस काळा, काळा कोट पांढरा. मग त्या काचेवरून कागदावर छाप घेतला की जो तो आपापल्या रंगावर यायचा. काच धुऊन वाळल्यावर आणि कागदावर छापण्याआधी जे काम करायचं, त्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. खिडकीपाशी काच उभी करायची, खालून आरशाने उजेड आणायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहरा दुरुस्त करायचा. तेव्हा घरोघरी एखाद्याच्या तोंडावर देवीचे वण असायचेच. प्रत्येक वणाच्या खळग्यात सावली असते आणि काचेवर ती सावली बारीक पारदर्शक ठिपका होऊन उतरते. तो ठिपका पेन्सिलीने भरला की कागदावरचा वण गेला. हैदराबादेत एका दुकानात पाच वर्षं मी हेच शिकलो. गुळगुळीत चेहरा करून द्यायला मला एक दुपार लागायची. चिंताकीपासून हुमनाबादपर्यंत किती लग्नं माझ्या पेन्सिलीवर जमली, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी मला विचारलं नाही.

आता करीमुद्दीनसाहेब. हे मोजणीखात्यातून गिरदावर, म्हणजे मोजणीवरचे तपासनीस, म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाळके, डोक्यावर तुर्की टोपी. जन्मभर साखळी घेऊन लोकांची शेतं मोजली. घरात एकटेच, मुलगी लग्न होऊन हैदराबादेला. रेल्वेच्या कामावरचा एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना त्याचं सामान लिलावात निघालं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, बशा घेतल्या, यांनी पुरुषभर लांबीची पितळी दुर्बीण घेतली. ती गच्चीवर बाभळीच्या तीनपायी तिकाटण्यावर बसवली आणि चंद्राची मोजणी सुरू केली.

मोजणी म्हणजे खरोखर मोजणी. चंद्रावर मोठमोठे गोल खळगे आहेत, हे मला त्यांच्याकडेच पहिल्यांदा कळलं. त्या प्रत्येक खळग्याला साहेबांनी सर्व्हे नंबर दिला होता. खळग्यात खळगा असला तर पोटहिस्सा. नकाशा हाताने काढलेला, कडेला शेरे. मी वाचून बघितले. सर्व्हे नंबर एक्केचाळीस, पडीक. बेचाळीस, पडीक. त्रेचाळीस, खडकाळ, पडीक.

"साहेब, सगळीच पडीक?"

"हौ," ते गंभीरपणे म्हणाले. "एक बी नंबर लागवडीखाली नहीं. शेतसारा माफ."

हा नकाशा त्यांनी हैदराबादेतल्या एका विद्वानाला पाठवला. उत्तर आलं की, चित्र छान आहे, पण हाताने काय कुणीही काहीही काढेल. ते उत्तर साहेबांना फार लागलं. चाळीस वर्षं त्यांनी काढलेल्या नकाशांवर लोकांची भांडणं मिटली होती. ते टोपी न घालताच माझ्या दुकानात आले.

"मास्टर, आदमी का फोटो खींचते. चांद का खींचते क्या?"

मी म्हणालो, "बसवून देता का खुर्चीत?"

त्यांना ते गमतीचं वाटलं नाही. पण मला मोह पडला होता. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन त्यांच्या गच्चीवर गेलो.

गच्चीवर जाणं सोपं नव्हतं. दुर्बीण बसली त्या आठवड्यातच गल्लीतली माणसं घोळका करून आली होती. दुर्बिणीतून लांबचं दिसतं म्हणजे आमच्या घरांतलंही दिसणार, असं त्यांचं म्हणणं. यात हिंदू-मुसलमान सगळे एक. शेवटी तडजोड झाली. तिकाटण्याला सुताराकडून एक खुंटी ठोकून घेतली. समोरच्या चिंचेच्या शेंड्याखाली दुर्बीण वाकूच नये, अशी. खुंटी ठोकताना चारजण उभे राहून बघत होते आणि त्यातल्या एकाने दुर्बिणीत डोळा घालून आपल्याच घराकडे ती वळते का, याची खात्री करून घेतली.

कॅमेऱ्याची भिंगं काढली, दुर्बिणीच्या डोळ्याला कॅमेऱ्याचा भाता काळ्या कापडाने बांधला आणि मी पहिली काच लावली. धुतल्यावर निघाला तेलाचा डाग. दुसरी काच, अंडं. माणूस हलला तर त्याला दटावता येतं. हा सारखा पुढे सरकत होता. साहेब दुर्बीण हळूहळू त्याच्यामागे फिरवायचे. पण तिसरी आणि चौथी काचही हलली, तेव्हा मी कान दिला. शेजारच्या घरात धप्‌ धप्‌ आवाज होता. शेजारच्या गंगाक्का उखळात मिरची कांडत होत्या आणि भिंत दोन घरांत मिळून एकच होती.

साहेबांनी कठड्यावरून अदबीनं सांगितलं, "बाई, जरा ठैरो. चांद हलायलाय."

गंगाक्कांनी मुसळ खाली ठेवलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आगं बया! माझ्या मुसळानं?"

"हौ."

दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीभर झालं की, गंगाक्काच्या कांडण्यानं चंद्र हलतोय आणि साहेब त्याला धरून ठेवायलेत. हसायची सोय नव्हती, कारण त्याचा आम्हाला फायदा झाला. त्यानंतर आम्ही गच्चीवर चढलो की दिवेलागणीला सगळी गल्ली गप. जाती बंद, मुसळं बंद. एक म्हातारी तर खोकला आला तरी पदर तोंडात कोंबून बसायची.

निजामी फसली सालाच्या बहमन महिन्यात, म्हणजे ऐन थंडीत, अमावास्येनंतरच्या चौथीला काम फत्ते झालं. आकाश धुतल्यासारखं होतं. मावळतीला चंद्राची बारीक कोर. मी काचेवर उजेड घेतला, चंद्र चिंचेआड गेल्यावर साहेबांना घेऊन दुकानात गेलो, तांबड्या दिव्याखाली ताटलीत काच हलवत बसलो आणि कोर वर आली. काठाशी काठ लागलेले खळगे, एकेकाची सावली वेगळी. साहेबांनी ओल्या काचेच्या कोपऱ्यात खिळ्याने फसली तारीख उर्दूत कोरली. मग त्यांनी सवयीप्रमाणे टिपणवहीत लिहिलं, चंद्र चिंचेआड गेला पावणेनवाला. ते घरी गेले.

सकाळी काच वाळली. मी ती खिडकीपाशी उभी केली.

आता याचं कारण मी आजपर्यंत स्वतःलाही नीट सांगू शकलेलो नाही. चेहरा समोर आला आणि हाताने पेन्सिल उचलली. वण दिसला, भरला. दुसरा दिसला, भरला. चंद्राला इतके वण! माझ्या मनात आलं, साहेब एवढे कष्ट घेतात, त्यांना चांगलं काम करून देऊ. दुपारपर्यंत जेवायलाही उठलो नाही. कागदावर छाप काढला, तो लोण्यासारखा. एक डाग नाही. मी तो चौकटीत बसवून संध्याकाळी त्यांच्या घरी नेला.

साहेबांनी चौकट दिव्यापाशी नेली. मग विचारलं, "एकचाळीस नंबर किधर है?"

"कोणता एक्केचाळीस?"

"सर्व्हे नंबर एकचाळीस!" त्यांचा आवाज चढला. "बेचाळीस? पोटहिस्से? कां गये सब?"

मी अभिमानाने सांगितलं, "काढून टाकले साहेब. सगळे वण काढले. लग्नाच्या मुलीसारखा केलाय."

ते उठले आणि आत गेले. बाहेर आलेच नाहीत. मी अर्धा तास बसून परत आलो. नंतर मी पेन्सिल पुसून काढतो म्हणालो, तर ते म्हणाले, तू अब उसको हात नक्को लगा. काच त्यांनी कापडात बांधून पेटीत ठेवली. त्यानंतर ढग, मग त्यांचं दुखणं, मग माझी कामं. आम्ही बोलायचं थांबलो ते थांबलोच.

दोनेक महिन्यांनी एके सकाळी दुकानात व्यंकटराव वकील आले. त्यांच्यामागे एक बाई, डोक्यावर घोंगडीचा तुकडा, पायांत काही नाही. व्यंकटरावांनी सांगितलं, हिचा नवरा इराप्पा, धनगर, जवळच्याच गावचा. गावच्या पाटलाची बैलजोडी चोरीला गेली आणि चोरी इराप्पावर घातली. इराप्पाची मेंढरं मागं पाटलाच्या हरभऱ्यात शिरली होती, तो राग होता. पाटलाचा सालगडी साक्षीदार. त्याचं म्हणणं, गाव जेवून निजल्यावर, रात्री दहाच्या सुमाराला, पिठासारखं चांदणं पडलं होतं आणि त्या चांदण्यात आपण इराप्पाला बैल नेताना ओळखलं.

"दिवस कोणता?" मी विचारलं.

व्यंकटरावांनी तारीख सांगितली. ती आमच्या कोरीची चौथ होती.

"मग पंचांग दाखवा की. चौथीला दहा वाजता कसलं चांदणं?"

"दाखवलं. पंचांग छापलेलं सोलापूरचं. पाटलांचे वकील म्हणाले, हे इंग्रज मुलखातलं पंचांग, इथला चंद्र त्याला बांधील नाही. मुन्सफसाहेब म्हणाले, पुस्तक शपथ घेऊ शकत नाही, शपथ घेणारा माणूस आणा. आता त्या दिवशी चंद्राकडे बघत बसलेला माणूस मी कुठून आणू?"

बाई पुढे आली. तिचं नाव मायाक्का. "दादा, तुमी त्या दिसाच्या चंद्राचा फोटू काडलाव म्हणं. गल्लीतल्या बाया सांगायलत्या, त्या दिशी आमी सगळे गप बसलो होतो म्हणून."

मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. कोर्टात काच द्यायची म्हणजे शपथेवर उभं राहायचं. काच कुणाही जाणत्याने उजेडाला धरली की पेन्सिल दिसणार. विचारणार, यावर हात फिरवलाय का? मी हो म्हणालो की संपलं. कोर्टात माझीच गिऱ्हाइकं बसलेली असणार. त्यांच्या सुना माझ्या फोटोंवरून आलेल्या.

मी म्हणालो, "ती काच फुटली."

मायाक्का रडली नाही, भांडली नाही. "बरं," म्हणाली आणि घोंगडी सारखी करून निघून गेली. त्या दिवशीच तारीख होती, ती तशीच गेली आणि पुढची महिन्यानंतरची लागली. तो महिना इराप्पा कोठडीत राहिला, तो माझ्या त्या एका वाक्यामुळे.

व्यंकटराव मात्र वकील होते. ते त्या दिवशी कोर्टातून थेट करीमुद्दीनसाहेबांकडे गेले. त्याच संध्याकाळी साहेब माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे. दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

"काच फूट गयी बोले तुम?"

मी दिव्याची वात खालीवर करत बसलो.

"मास्टर, फोटो तो तू बिगाडा. अब गवाही बी बिगाडता क्या?"

मी सांगितलं, साहेब, माझा धंदा बसेल. ते म्हणाले, "मेरेकू बी मालूम. पन् मैं चाळीस साल शेताच्या हद्दी दाखवल्या. पाटील बोलला म्हणून खुंटा इधर का उधर नहीं किया." एवढं बोलून ते गेले. जाताना पायरीवर अडखळले आणि दाराची चौकट धरली. इतके म्हातारे झालेत, हे मला तोवर दिसलं नव्हतं. दुकानामागेच आमचं घर, बायकोनं सगळं आतून ऐकलं होतं. ती म्हणाली, "कामून गप बसलाव? धंदा बसला तर माझ्या माहेरी जिमीन हाय. त्या धनगराचं घर बसलं तर ती बाई कुटं जाईल?"

मी साक्ष देतो म्हणून व्यंकटरावांना कळवलं. तारखेच्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. चंद्र कोर्टात येणार, असं गावात झालं होतं. काही लोक तर तो पेटीत आणणार की दोरीनं, याची चौकशी करत होते. कोर्टाचा कारकून, त्याला पेशकार म्हणत, काच घेऊन पुराव्याच्या यादीत नोंदवायला लागला. तिथेच अडलं. रकाने ठरलेले, वस्तूचं वर्णन, कुणाची, कुठून जप्त केली. त्याने विचारलं, "चांद कहां से हासिल हुआ?" व्यंकटराव म्हणाले, "गच्चीवरून." तसं लिहिलं गेलं.

पहिल्यांदा साहेबांची साक्ष झाली. ती सरळ झाली. त्यांनी टिपणवही वाचली, चंद्र चिंचेआड पावणेनवाला. पाटलांच्या वकिलांनी विचारलं, चिंच किती लांब? साहेबांनी गज, फूट, इंच सांगितले. वकिलांनी दुसरं काही विचारलं नाही.

मग मी. मुन्सफसाहेबांनी काच हातात घेतली आणि खिडकीकडे धरली. तारीख वाचली आणि चंद्राकडे बघून कपाळाला आठी घातली.

पाटलांचे वकील ताडकन उठले. "हुजूर, ही कोर बघा. पोट डावीकडे आहे. ही पहाटेची कोर. चौथीच्या संध्याकाळचा चंद्र असा नसतोच!"

मी म्हणालो, "सरकार, दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. काच फिरवून धरा."

मुन्सफसाहेबांनी काच खालची वर केली. चंद्र बरोबर झाला, पण तारीख उलटी झाली.

"आता तारीख उलटी आहे!" वकील ओरडले.

मुन्सफसाहेबांनी पुन्हा फिरवली. तारीख सरळ, चंद्र उलटा. पुन्हा फिरवली. चंद्र सरळ, तारीख उलटी. असं चार वेळा झालं. शेवटी त्यांनी चंद्र सरळ धरला आणि तारीख वाचण्यासाठी स्वतःची मान वाकडी केली, इतकी की पगडी घसरली आणि पेशकाराने ती वरच्यावर झेलली. सगळं कोर्ट मान वाकडी करून बघत होतं. आरोपीच्या पिंजऱ्यातला इराप्पासुद्धा. त्याला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बारीक, काळा, वाढलेल्या दाढीचा. काय चाललंय, हे कळायचा प्रयत्न करणारा चेहरा.

"ठीक आहे," मुन्सफसाहेब मान चोळत म्हणाले. "पुढे."

वकिलांनी काच मागून घेतली. त्यांच्या मुलाचं लग्न माझ्या फोटोवरून जमलं होतं. त्यांनी काच तिरपी धरली, उजेड तिच्यावरून घसरला आणि त्यांना हवं ते दिसलं.

"ही काच तुम्ही दुरुस्त केलीत?"

"होय."

"काय दुरुस्त केलं?"

"चंद्राला वण होते. ते काढले."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. वकील हसले नाहीत. "असं तुम्ही आणखी कुणाकुणाचं करता?"

पहिल्या बाकावर कापडवाले शेटजी बसले होते, त्यांच्या तीन मुली मीच गुळगुळीत केल्या होत्या. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की, ती मी अजून विसरलो नाही.

मी म्हणालो, "सगळ्यांचं."

"म्हणजे तुमचा एकही फोटो खरा नाही!" वकील मुन्सफसाहेबांकडे वळले. "हुजूर, हा माणूस चेहरे बदलतो. याच्या काचेवर विश्वास कसा ठेवायचा?"

मुन्सफसाहेब हळूच मागे वळले. त्यांच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर त्यांचाच मोठा फोटो होता, चौकटीत. मागच्या साली मी काढलेला. वण त्यांना नव्हते, पण गालफडं होती, चांगली भरलेली. फोटोत नव्हती.

"मास्टर," ते फोटोकडेच बघत म्हणाले, "इसमें भी?"

मी शपथेवर होतो. "जी सरकार."

"कितना?"

"डावीकडं बोटभर. उजवीकडं थोडं कमी."

त्यांनी आपला डावा गाल बोटाने चाचपला. पेशकार कागदात तोंड खुपसून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, इराप्पाबरोबर मलाही आत टाकणार.

मुन्सफसाहेब वळले आणि पाटलांच्या वकिलांना विचारलं, "वकीलसाब, ही तस्वीर कुणाची?"

"हुजूरांची."

"नक्की?"

"यात काय शंका, हुजूर!"

"बोटभर गाल कमी आहे, तरी माझीच?"

वकिलांना पुढचं दिसलं. पण आता ते काय म्हणणार? नाही म्हणावं तर फोटो हुजूरांचा नाही असं होतं. मुन्सफसाहेबांनी मला विचारलं, "कोरीची रुंदी बदलली?"

"नाही सरकार. वण भरले, कडेला हात लावला नाही. डोकं मी कधी लहानमोठं करत नाही."

"लिहा," मुन्सफसाहेब पेशकाराला म्हणाले. "चेहऱ्याची दुरुस्ती केल्याने इसम बदलत नाही. चंद्र तोच आहे आणि बारीक आहे."

मग त्यांनी सालगड्याला परत बोलावलं आणि विचारलं, पावणेनवाला चिंचेआड गेलेल्या या नखाएवढ्या कोरीचं दहा वाजता पिठासारखं चांदणं कसं पडलं? सालगडी आधी पाटलाकडे बघायला लागला, मग छताकडे. इराप्पाला विचारलं, तुला काही सांगायचंय? तो हात जोडून म्हणाला, "साहेब, म्या चोरी केली न्हाई. चांदणं आसतं तर चोर मलाबी दिसला आसता की."

त्याच दिवशी तो सुटला. कोर्टाच्या आवारात मायाक्का त्याचा दंड धरून उभी होती, लहान पोराला धरावं तसा. मी जवळून गेलो. तिने मला ओळखलं. "काच सांधली व्हय?" एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. बैलजोडी पुढे आठ महिन्यांनी आळंद तालुक्यात मादन हिप्परग्याला एका गोठ्यात सापडली. सालगड्याच्या मेहुण्याने विकलेली.

माझा धंदा बसला. त्या लग्नसराईत एकही मुलगी फोटोला आली नाही. कापडवाले शेटजी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मी कॅमेऱ्याचं पितळ पुसत बसायचो. दुसऱ्या वर्षी मात्र एक बाप आला, मागे बघून दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, आमच्या पोरीचंबी चंद्रावानी करा." मग दुसरा आला. आधी लोकांना संशय होता, आता कोर्टाने लिहून दिलं होतं की, दुरुस्ती केली तरी माणूस तोच राहतो. मला त्या निकालाने जेवढं काम दिलं तेवढं कुठल्या जाहिरातीने दिलं नसतं. याचा मला अभिमान वाटावा की लाज, हे ठरायच्या आधीच माझी नजर कमी झाली.

करीमुद्दीनसाहेबांना ती काच परत हवी होती. पेन्सिल सावकाश पुसली की खाली एक्केचाळीस नंबर आहेच, असं ते म्हणत. आम्ही पुन्हा गच्चीवर बसायला लागलो होतो, दुसऱ्या काचा काढल्या होत्या, त्यात खळगेही होते. पण तशी कोर पुन्हा उतरली नाही. त्यांनी कोर्टात उर्दूत अर्ज दिला. उत्तर आलं, वस्तूचा मालक कोण, ते सिद्ध करा. त्यांनी लिहिलं, काच माझी. उत्तर आलं, नोंद काचेची नाही, चंद्राची आहे. असे त्यांनी नऊ अर्ज दिले. मग डोळे गेले, मुलगी येऊन त्यांना हैदराबादेला घेऊन गेली. तिथून कधीमधी पत्र यायचं, मुलीच्या अक्षरात, त्यात एक ओळ त्यांची ठरलेली, कोर्टाचं काही कळलं का?

मग निजामाचं राज्य गेलं. दफ्तरं हलली, भाषा बदलली, माणसं बदलली. त्यानंतर केव्हातरी मला कोर्टाचा कागद आला की, जुना मुद्देमाल परत करणं चालू आहे, साक्षीदाराने येऊन घेऊन जावा. साहेब त्याआधीच वारले होते.

मी गेलो. कारकून नवा होता, तरुण, घाईत. त्याने पुढ्यातला ढीग उपसून लाल फडक्यातलं पुडकं काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी गाठ सोडली. पावसाळ्यांच्या ओलीने आणि झुरळांनी काचेवरचा सगळा थर खाल्ला होता. कोपऱ्यातली तारीखसुद्धा गेली होती. स्वच्छ, कोरी काच. मी ती खिडकीकडे धरली तर पलीकडे आवारात बांधलेली एक शेळी दिसली.

कारकुनाने रजिस्टर उघडलं, जुन्या नोंदीखालचं भाषांतर वाचलं. "चंद्र, नग एक. मिळाला का?"

नाही म्हणालो असतो, तर चंद्र हरवल्याचा तपास सुरू झाला असता. आणि तपास सुरू झाला की कुणीतरी इराप्पा सापडतोच.

"मिळाला," मी म्हणालो आणि सही केली.